आधी वाचावे, मग पाठवावे

आमच्या भिवंडीत कापडाचा ताका मागावरून उतरला की तो लगेच रंगायला जात नाही. आधी तो टेबलावर पसरून तपासतात. ताण्याचा धागा तुटला आहे का, बाण्याचा धागा कुठे सुटला आहे का, तेलाचा डाग पडला आहे का, हे पाहतात. कोऱ्या कापडातला दोष पुष्कळदा दुरुस्त करता येतो. रंग चढल्यावर तोच दोष उठून दिसतो आणि मग मालाचा भाव पडतो. विणणारा कितीही कसबी असला तरी ही तपासणी टळत नाही आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नाही.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र आपण हा शहाणपणा विसरतो. मोबाइलवर चार ओळी लिहून झाल्या की बोट लगेच पाठवण्याच्या खुणेवर जाते. पूर्वी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये तीन-चार माणसे उभी असत. खिळे जुळवणारा कंपोझिटर, प्रुफे वाचणारा मुद्रितशोधक, संपादक आणि यंत्रावरचा पहिला कागद पाहणारा मशीनमन. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे संस्कृत ग्रंथ शुद्ध छपाईसाठी नावाजले गेले, ते तिथे बसून ग्रंथ शोधणाऱ्या शास्त्रीमंडळींमुळे. नेटवर लिहिताना ही सगळी कामे एकट्या लिहिणाऱ्यावर येऊन पडतात आणि बहुतेकांना त्याची जाणीवही नसते.

आपली चूक आपल्याला का दिसत नाही? आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती टप्प्याटप्प्याने उड्या मारते. मधला भाग मन अंदाजाने भरून काढते. दुसऱ्याचे लेखन वाचताना हा अंदाज कच्चा असतो, म्हणून आपण थबकतो. स्वतःचे वाचताना तो पक्का असतो, कारण काय लिहायचे होते ते आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे कागदावर जे आहे ते न वाचता, मनात जे होते तेच आपण वाचतो. हा निष्काळजीपणा नव्हे, वाचण्याची रीतच अशी आहे. म्हणूनच लिहिणे आणि तपासणे ही दोन वेगळी कामे मानावी लागतात.

मराठीत तर एका मात्रेने, एका वेलांटीने अर्थ फिरतो. 'सूत' म्हणजे धागा, 'सुत' म्हणजे मुलगा. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजन येतील आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. संगणकावर ही दोन्ही जोडाक्षरे वेगवेगळ्या पद्धतीने उमटवावी लागतात. ती रीत माहीत नसली की 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. शिवाय अनेक जण रोमन अक्षरे दाबून मराठी लिहितात. तीच तीन अक्षरे दाबून 'काल', 'काळ', 'कळ' आणि 'कल' असे चार पर्याय समोर येतात. घाईत भलताच निवडला जातो. यंत्रातला शुद्धलेखन तपासनीस इथे पुष्कळदा उपयोगी पडत नाही, कारण चारही शब्द शब्दकोशात आहेत. शब्द बरोबर आहे की नाही ते तो सांगेल. तोच शब्द तुम्हाला हवा होता का, हे ज्याने लिहिले त्यालाच ठाऊक.

नियमांची भीती मात्र बाळगू नये. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, तेव्हा ते चौदा होते. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. अवघे अठरा नियम, चार-पाच पानांत मावणारे. 'सूत' दीर्घ, पण 'सुताचा' ऱ्हस्व, यामागेही त्यांतलाच एक नियम आहे. आणखी एक सांगतो. बोलीभाषा म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे. आमच्या तालुक्यातला कोणी आगरी बोलीत लिहीत असेल तर ते आगरीच राहिले पाहिजे. तपासायचे एवढेच की, एक शब्द सर्वत्र एकाच तऱ्हेने लिहिला आहे ना आणि यंत्राने परस्पर तो 'सुधारून' टाकलेला नाही ना.

वेलांटी चुकली तर लोक हसतील, एवढेच नुकसान असते तर एवढे सांगण्याची गरज नव्हती. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात 'टेलर अँड सन्स' नावाची शंभराहून अधिक वर्षांची अभियांत्रिकी कंपनी होती. २००९ च्या फेब्रुवारीत कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात ती बुडीत गेल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात बुडाली होती 'टेलर अँड सन' ही वेगळीच कंपनी. फरक एका 'स'चा. तीन दिवसांत नोंद दुरुस्त झाली, पण तोवर ती माहिती पत ठरवणाऱ्या संस्थांकडे पोहोचली होती. माल देणाऱ्यांनी उधारी थांबवली आणि दोन महिन्यांत ती कंपनी खरोखरच कोलमडली. २०१५ मध्ये न्यायालयाने त्या कार्यालयाला जबाबदार धरले, पण माणसांच्या गेलेल्या नोकऱ्या त्याने परत आल्या नाहीत. चूक पुढे निघून गेली की दुरुस्ती तिला क्वचितच गाठते, हा यातला धडा.

आता हेच आपल्या गावाला लावून पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत पटेल कंपाउंडमधली इमारत रात्री कोसळली आणि झोपेतली माणसे दगावली. ते भिवंडीकर विसरलेले नाहीत. अशा शहरात धोकादायक इमारतींची यादी कोणी मोबाइलवर पुढे पाठवताना घर क्रमांकातला एक आकडा उलटसुलट केला, तर ज्यांनी घर सोडायचे ते निर्धास्त राहतील आणि शेजारचे उगाच सामान बांधतील. रक्त हवे असल्याच्या निरोपात दूरध्वनीचा एक आकडा चुकला, तर मदत करणारे शंभर जण भलत्याच घरी फोन करत बसतील. 'उद्या पाणी येणार नाही' यातला 'नाही' गळला, तर अख्खी वस्ती रिकाम्या पिंपांसह सकाळ उजाडण्याची वाट पाहील. हे मजकूर लिहिणारे साहित्यिक नसतात, तुमच्याआमच्यासारखेच असतात.

मग तपासावे कसे? मुद्रितशोधकांच्या जुन्या सवयी आजही कामाला येतात.

पहिली, मध्ये वेळ जाऊ द्यावा. रात्री लिहिलेले सकाळी वाचावे. तेवढी सवड नसेल तर चहा घेऊन येईपर्यंत तरी थांबावे. दुसरी, मोठ्याने वाचावे. जीभ डोळ्यांइतक्या उड्या मारू शकत नाही. गळलेला शब्द आणि दोनदा आलेला शब्द कानाला लगेच खटकतो. तिसरी, सगळे एकदम तपासू नये. एकदा फक्त नावे, तारखा, रकमा आणि क्रमांक मूळ कागदाशी ताडून पाहावेत. मग अक्षरे, आणि शेवटी अर्थ. तारीख आणि वार जुळतात का, हे दिनदर्शिकेत पाहावे. दूरध्वनी क्रमांक दिला असेल तर तो एकदा लावून पाहावा. चौथी, मथळा वेगळा वाचावा. सर्वांत मोठ्या अक्षरांतली चूक सर्वांत सहज निसटते, कारण मथळ्यात चूक असेल अशी शंकाच कोणाला येत नाही.

पाचवी सवय, दुरुस्ती केलेली ओळ पुन्हा वाचावी. लायनोटाइप यंत्राच्या काळात एक अक्षर चुकले तरी पूर्ण ओळ नव्याने ओतावी लागे. जुनी चूक जाई आणि त्याच ओळीत नवी येई. आज वाक्याचा कर्ता बदलला आणि क्रियापद तसेच राहिले, की तेच घडते. आणि सहावी, शक्य असेल तेव्हा दुसऱ्याला दाखवावे. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवी. घरात शाळकरी मुलगी असेल तर तिला मजकूर वाचायला सांगावा. ती अडखळेल तिथे बोट ठेवावे.

इतके करूनही एखादी चूक जाणारच. ती कळल्यावर गुपचूप मजकूर बदलून मोकळे होऊ नये. काय चुकले होते आणि बरोबर काय, ते स्पष्ट लिहून, जिथे जिथे आपण ते पाठवले तिथे तिथे पुन्हा पाठवावे. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडण्याची रीत होतीच. पण शुद्धिपत्र जोडावे लागण्यापेक्षा पाच मिनिटे आधी देणे केव्हाही स्वस्त. आपले लेखन वाचणारा माणूस त्याचा वेळ आणि विश्वास आपल्या हाती देत असतो. त्याच्या आधी आपण ते एकदा वाचलेले असावे, एवढी अपेक्षा तो नक्कीच करू शकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)