निरोपाला कुंपण कशाला?

पुण्यात पेटीत टाकलेले पत्र पॅरिसला पोहोचते. कारण १८७४ च्या बर्न येथील कराराने अनेक राष्ट्रांनी टपालाचे नियम एक केले. ई-मेलचेही तसेच. मोबाईलवरील निरोप मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर जात नाही. असे का?

हा दोष शास्त्राचा नव्हे. निरोपांच्या देवघेवीचे 'एक्सएमपीपी' हे खुले मानक २००४ मध्येच प्रसिद्ध झाले. गूगलने २००५ मध्ये 'गूगल टॉक' त्यावरच उभारले आणि २००६ पासून इतर सेवांशी दळणवळणही सुरू केले. पुढे २०१३ मध्ये आलेल्या 'हँगआउट्स'ने ते मानक सोडले. नियम खुला होता, पण तो पाळण्याचे बंधन कोणावरही नव्हते. शिवाय ज्याच्याकडे माणसे अधिक, त्याला दार बंद ठेवण्यातच लाभ!

म्हणूनच युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा केला: दुसऱ्या सेवेने मागणी केल्यास बड्या कंपनीने दार उघडावे, मात्र निरोपाची गुप्तता ढळू नये. ही अट कठीण खरी, पण आवश्यकच आहे.

मित्रहो, गावाकडची सारी मंडळी एकाच सेवेवर असली, की ती सोडणे म्हणजे माणसांना दुरावणे होय. नाती आपली, मग किल्ली कंपनीच्या हाती का?