रबराच्या दातांचं चाक

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातलं वालकूर गाव. 1922 साल सरत आलेलं. 15 वर्षांच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिएनं एक अजब यंत्र बर्फात आणून उभं केलं. दोन घसरगाड्या एकमेकींना जोडलेल्या, वर फोर्ड मॉडेल टीचं इंजिन आणि मागे विमानाला असतो तसा लाकडी पंखा. दिशा सांभाळायला पुढे भाऊ लेओपोल्ड. गाडी चक्क धावली! पण तो उघडा पंखा गरगरताना पाहून वडिलांच्या काळजात धस्स झालं आणि त्यांनी सगळं सुटं करायला लावलं. गंमत अशी की इंजिन त्यांनीच दिलेलं होतं. पोरानं घरातली चालती यंत्रं उघडू नयेत म्हणून.

पंखा गेला, ध्यास राहिला. त्या काळी तिथले ग्रामीण रस्ते हिवाळ्यात कुणी साफ करत नसे. मोटारी वसंतापर्यंत झाकून ठेवायच्या आणि घोड्याच्या घसरगाडीनं फिरायचं. बॉम्बार्डिएनं 1926 मध्ये गावात गॅरेज काढलं. उन्हाळाभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात काम थंडावलं की स्वतःच्या बर्फगाडीमागे लागायचं, असा त्याचा क्रम.

1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते, रुग्णालय गाठणं अशक्य होतं आणि बापाच्या गॅरेजातली गाडी अजून तयार नव्हती. या दुःखातून बर्फगाडी जन्मली असं सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. तो माणूस बारा वर्षं त्याच गाडीशी झगडत होता. म्हणून तर तो घाव इतका खोल.

अडलं होतं कुठे? ताकद इंजिनात होती, ती बर्फापर्यंत पोचवायची कशी हा खरा पेच. अशा गाडीखाली चाकांऐवजी फिरता पट्टा असतो, पण तो ओढणाऱ्या चाकाच्या दातांत बर्फ ठासून बसतो आणि गोठतो. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टरच्या चाकात चिखल भरावा तसा. मग पट्टा ताणला जातो, घसरतो, निसटतो. बॉम्बार्डिएनं दातेरी चाकच रबरानं मढवलं. पट्टाही रबराचा, त्यावर पोलादी आडव्या पट्ट्या. चाकाचे दात त्यांना ढकलत गाडी पुढे नेतात. रबर दबतं, लवचिक राहतं, बर्फ धरून ठेवत नाही. साऱ्या गाडीचा जीव या एका चाकात आहे. 1937 च्या जूनमध्ये त्याचं पेटंट मिळालं.

त्यावर उभी राहिली बी-7: सात माणसांची बंद केबिन, पुढे स्की, मागे पट्टे. मग बारा जणांची, गोल खिडक्यांची बी-12 आली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळी त्यातून जाऊ लागली.

1940 च्या दशकाअखेरीस सरकारनं ग्रामीण रस्ते साफ करायला घेतले आणि मोठ्या गाड्यांची मागणी घसरली. मग तो दलदलीत आणि जंगलात चालणाऱ्या पट्ट्याच्या ट्रॅक्टरांकडे वळला.

एक-दोन माणसांची हलकी गाडी मात्र तरुणपणापासून डोक्यात होती. तेव्हाची इंजिनं तिच्यासाठी फार जड. हलकी इंजिनं मिळू लागली, मुलगा जेर्मेंनं सांधा नसलेला अखंड रबरी पट्टा तयार केला आणि 1959 मध्ये स्की-डू आली. तिचा एक नमुना बॉम्बार्डिएनं ऑन्टारिओच्या दुर्गम उत्तरेत राहणाऱ्या एका मिशनरी मित्राला नेऊन दिला. पाद्रीबाबांना आता दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत कुत्र्यांच्या घसरगाडीशिवायही जाता येऊ लागलं.