ऋतू आणि रहिवास : लेखांक सहावा — दाराआडचे महिने

मागील लेखांकात मिनेसोटातील घरांची बांधणी पाहताना एक गोष्ट विस्ताराने सांगितली होती, ती ही, की तेथील जमीन हिवाळ्यात खोलवर गोठते आणि गोठताना फुगते, म्हणून मिनियापोलिसच्या परिसरात घराचा पाया निदान साडेतीन फूट खाली न्यावाच लागतो. आणि इतके खणलेच आहे तर आणखी खणून तळघर करून घ्यावे, असा तेथील लोकांचा सरळ हिशेब. आज, ज्या प्रश्नाकडे आपण गेले पाच आठवडे सावकाश चालत आलो, तो प्रश्न हाती घेऊ : असा पाया घालून ज्या उत्तरेकडच्या मुलखात माणसाने संसार मांडला, मुले वाढविली, तेथेच उतारवयही काढावे, की दक्षिणेकडे, उबदार प्रदेशी बिऱ्हाड हलवावे?

हा प्रश्न आमच्या मराठी मंडळींना आज विशेष जवळचा झाला आहे. अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतरविषयक कायदा बदलला आणि त्यानंतर जे डॉक्टर, इंजिनिअर आणि प्राध्यापक शिकागो, डेट्रॉइट, मिनियापोलिस अशा थंड शहरांत नोकरीनिमित्त येऊन राहिले, ते आता सत्तरीपार गेले. नोकरी सुटली, मुले दूरच्या राज्यांत गेली, आणि ज्या बर्फाकडे पस्तिशीत कौतुकाने पाहिले त्याच बर्फाकडे आता जिना उतरताना भीतीने पाहावे लागते. मी स्वतः पंचेचाळीस वर्षे मिनियापोलिसचा रहिवासी आहे आणि माझी मेव्हणी तितकीच वर्षे ॲरिझोनातील फिनिक्समध्ये आहे. त्यामुळे दोन्ही पक्षांची कैफियत मला घरबसल्या ऐकावयास मिळते.

प्रथम आमची बाजू. जानेवारीतील एखादी सकाळ घ्या. रात्रभर बर्फ पडून आभाळ निवळले आहे, आणि आभाळ निवळले म्हणजे थंडी अधिक, कारण जमिनीची ऊब अडवून धरणारे ढगांचे पांघरूण निघून गेलेले असते. दार उघडून पहिला श्वास घेताच नाकातील केस ताठरतात. पायाखालचा बर्फ करकर वाजतो; थंडी फार नसेल तेव्हा तो मुका असतो, पारा शून्याच्या बराच खाली गेला म्हणजे त्याचे कण एकमेकांवर दळल्यासारखे बोलू लागतात, आणि जुना रहिवासी त्या आवाजावरून थंडीचा अदमास बांधतो. मग फावडे. मिनियापोलिस नगरपालिकेचा नियम असा, की बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांच्या आत प्रत्येक घरमालकाने आपल्या घरापुढील पदपथ साफ केला पाहिजे. कसूर केल्यास पालिका आपली माणसे पाठवून तो साफ करविते आणि खर्च मालकाच्या नावे लावते. मोठा बर्फ पडला तर पालिका हिमसंकटाचा जाहीरनामा काढते आणि तीन दिवस कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूस गाडी उभी करावयाची याची तारीखवार तजवीज लागू होते, मुख्य रस्ते पहिल्या रात्री, सम क्रमांकांची बाजू दुसऱ्या दिवशी, विषम क्रमांकांची तिसऱ्या. ध्यानात न राहिल्यास गाडी उचलून नेली जाते. हे सारे मी तक्रार म्हणून सांगत नाही. या बंधनांनी शेजार घडतो, असा माझा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली त्या हिवाळ्यात आमच्या दारचा बर्फ एकदाही माझ्या हाती लागला नाही. पहाटे पाचला शेजाऱ्यांच्या फावड्याचा दगडावर घासल्याचा आवाज येई आणि मी खिडकीचा पडदा सारीपर्यंत ते पुढच्या घरापाशी पोहोचलेले असत.

थंडीपेक्षा मला स्वतःला काळोख अधिक जड जातो. मिनियापोलिस पंचेचाळिसाव्या अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या बरोबर मध्यावर आहे. डिसेंबरअखेर तेथे दिवस पावणेनऊ तासांचा असतो. त्याच दिवशी पुण्यास सूर्य अकरा तास असतो. माणसाच्या मनावर या अंधाराचा परिणाम होतो हे लोक पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून या ऋतुबद्ध खिन्नतेस नाव दिले आणि तीव्र प्रकाशाच्या दिव्यापुढे सकाळी काही वेळ बसण्याचा उपचार रूढ झाला. लोकमान्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वेदांतील उषःसूक्तांचा संबंध ध्रुवप्रदेशातील दीर्घ रात्रीशी आणि दीर्घ उषेशी जोडला. त्या सिद्धान्ताचे पुढे काय झाले हा विद्वानांचा विषय, परंतु फेब्रुवारीत एखाद्या सकाळी सात वाजता पूर्वेस तांबडे फुटलेले दिसते तेव्हा उषेची स्तुती करावीशी वाटणाऱ्या माणसाचे मन मला पूर्ण उमगते. उलट, हेमंतात जठराग्नी प्रबळ आणि देहबळ उत्तम असते हे आयुर्वेदाचे वचनही आमच्या स्वयंपाकघरात दर वर्षी खरे ठरते. बाजरीची भाकरी आणि डिंकाचे लाडू मिनेसोटाच्या हवेत जितके पचतात तितके फिनिक्समध्ये पचत नाहीत.

आता फिनिक्स. १९५० साली या शहराची वस्ती सुमारे १ लाख ७ हजार होती. २०२० च्या शिरगणतीत ती १६ लाखांवर गेली. वाळवंटात हे शहर उभे राहिले ते दोन आधारांवर. एक, घर गार करणारे यंत्र. दुसरा, दूरवरून आणलेले पाणी : कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने, वाटेत पंपांनी उपसून चढवीत, या प्रदेशात आणले जाते, त्या कालव्याचे काम १९७३ मध्ये सुरू होऊन १९९३ मध्ये पुरे झाले. फिनिक्सच्या वेशीवर १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी ही खास वृद्धांसाठी वसविलेली वसाहत खुली झाली, तेव्हा ती पाहण्यास पहिल्या तीन दिवसांतच सुमारे एक लाख लोक लोटले. जानेवारीची तारीख निवडण्यात मोठे शहाणपण होते. जानेवारीतील फिनिक्स खरोखरच स्वर्गीय आहे. अंगणात लिंबे लगडलेली, आणि हवा आपल्याकडील दिवाळीनंतरच्या सकाळीसारखी. परंतु मेव्हणीने मला पहिल्याच भेटीत सांगून ठेविले होते, "भावोजी, हिवाळ्यात आलात ते बरेच केलेत, पण घर घ्यायचं मनात असेल तर एकदा जुलैत येऊन राहा, मग बोला."

मी जुलैत जाऊन राहिलो. थंड पाण्याची तोटी सोडली तर त्यातून अंग भाजेल असे पाणी बराच वेळ येत राही. फिरावयास निघावयाचे ते पहाटे साडेचारला, आणि सहाला परत घरात. मग दार बंद. दिवसभर पडदे ओढलेले, यंत्राची घरघर चालू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या बंद खोलीत बसल्या बसल्या मला एकाएकी आमचा जानेवारी आठवला. तीच घरघर, तेच ओढलेले पडदे, तीच दारापाशी जाऊन हवेचा अंदाज घेण्याची सवय. २०२३ च्या जून-जुलैत फिनिक्सचे कमाल तापमान सलग एकतीस दिवस ४३.३ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक होते, आणि सलग सोळा रात्री पारा ३२ अंशांच्या खाली आला नाही. त्या वर्षी मॅरिकोपा परगण्यात, म्हणजे फिनिक्स ज्यात मोडते त्या प्रदेशात, उष्म्यामुळे वा उष्म्याचा हात असलेले ६४५ मृत्यू नोंदले गेले. आमच्याकडे वृद्ध माणूस बर्फावरून घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते; तेथे तो भर दुपारी डांबरी रस्त्यावर पडतो, आणि सत्तर अंशांच्या घरात तापलेल्या त्या डांबराने भाजून जळितांच्या रुग्णालयात पोहोचतो.

कोणत्या मुलखात कोणता ऋतू जीवघेणा, हे जाणून घ्यावयाचे असेल तर प्रवाशांच्या वर्णनांपेक्षा त्या राज्याचे कायदे वाचावेत. मिनेसोटात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या मुदतीत, ज्या कुटुंबाने हप्त्यांची बोली करून ती पाळली आहे, त्याची घर तापविण्याची जोडणी थकबाकीसाठी तोडता येत नाही. ॲरिझोनात अशी उन्हाळी तरतूद फार उशिरा झाली. फिनिक्सजवळ २०१८ साली एका वृद्ध स्त्रीची वीज किरकोळ बाकीपोटी तोडण्यात आली आणि ती आपल्या घरातच उष्म्याने मरण पावली. त्यानंतर, २०१९ मध्ये, तेथील नियामक आयोगाने आपल्या अखत्यारीतील कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर वीज तोडण्यास मनाई केली. दोन्ही मुदती शेजारी शेजारी ठेवून पाहा. मिनेसोटाचे सात महिने, ॲरिझोनाचे साडेचार. माझ्या मते स्थलांतराचा विचार करणाऱ्याने प्रथम हा हिशेब मांडावा; इकडचा जानेवारी आणि तिकडचा जानेवारी यांची तुलना करून घर विकणाऱ्यांची फसगत होते ती येथे.

डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानेमन या दोन अभ्यासकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले संशोधन या बाबतीत मननीय आहे. त्यांनी मिशिगन आणि ओहायो या थंड राज्यांतील व कॅलिफोर्नियातील मिळून सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांपैकी काहींस आपापल्या आयुष्याविषयी किती समाधान वाटते हे विचारले, आणि इतरांस दोहोंपैकी एका प्रदेशातील आपल्यासारखा माणूस किती समाधानी असेल याचा अंदाज विचारला. कॅलिफोर्नियाचे लोक अधिक सुखी असणार, असे दोन्हीकडच्यांनी सांगितले. प्रत्यक्षात दोन्हीकडचे समाधान सारखेच निघाले. हवेकडे बोट दाखविले की माणसाला हवाच दिसते. पण आपला दिवस हवेवर जातो किती? तो जातो दुखऱ्या गुडघ्यावर, नातवाच्या फोनवर, औषधाच्या वेळेवर आणि शेजारणीच्या ख्यालीखुशालीवर.

तरीही, हे विद्यार्थी विशी-बाविशीतले होते, आणि विशीतला पाय बर्फावर घसरला तर हसत उठतो. सत्तरीनंतर हाडे ठिसूळ, दृष्टी मंद, आणि एक पडणे माणसाला कायमचे अंथरुणास खिळवू शकते; म्हणून ज्या घरात चालण्याचा तोल गेला आहे, तेथे निदान बर्फाचे तीन महिने दक्षिणेस काढणे हा चोख शहाणपणा आहे, असे मी स्पष्ट लिहितो. कायमचे बिऱ्हाड हलविणाऱ्यांना मात्र मी थांबावयास सांगेन. कोलोरॅडोचे पाणी आटत चालले आहे. २०२१ मध्ये त्या नदीच्या खालच्या खोऱ्यात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि पहिली मोठी कपात ॲरिझोनाच्याच वाट्यास आली. ज्यांचे आयुष्य वीस वर्षे उरले आहे त्यांनी तरी ही गोष्ट नजरेआड करू नये.

करांचा मुद्दा थोडक्यात. ॲरिझोनाचा प्राप्तिकर मिनेसोटाहून बराच कमी आहे, परंतु मिनेसोटात घर राखून जो वर्षातील १८३ वा अधिक दिवस तेथे काढतो त्याला मिनेसोटा आपलाच रहिवासी धरते. म्हणून दोन्हीकडे राहणाऱ्या कित्येक घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवसांच्या खुणा केलेल्या आढळतात.

आमच्या घरात यंदा असे ठरले, की जानेवारी ते मार्च फिनिक्सला काढावेत आणि चैत्राच्या सुमारास परत यावे. रिकाम्या घराची पुढील तजवीज करावी लागते : पाण्याचा मुख्य नळ बंद करून तोट्या रिकाम्या सोडाव्या, फर्नेस तेरा अंशांवर ठेवावी, कारण ती पार बंद ठेवली तर नळांत उरलेले पाणी गोठून नळ फुटतात, आणि कोणीतरी दर दोन दिवसांनी आत येऊन भिंतीवरचा आकडा पाहावा. काल संध्याकाळी आम्ही उभयता किल्ली घेऊन शेजारी गेलो. त्यांनी किल्ली घेतली, फर्नेसचा आकडा एका चिठ्ठीवर टिपून घेतला, आणि गोठणारा नळ कोणत्या भिंतीत आहे ते विचारले. फावडे कोठे असते, ते त्यांना सांगावे लागले नाही.