पाहुणा कुत्रा आणि खेळाची भाषा
कुत्रा सवंगड्याला खेळायला बोलावतो तेव्हा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवतो. पुढचे चावे लुटुपुटीचे आहेत, असे हा पवित्रा सांगतो. अमेरिकी प्राणिवर्तनतज्ज्ञ मार्क बेकॉफ यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. दांडगा कुत्रा कधी लहानग्यापुढे आपणहून उताणाही पडतो.

सवंगडी दिवसभरासाठी घरी येणार असेल, तर पहिली भेट बाहेर मोकळ्या जागी घडवावी. खाण्याची भांडी, आवडती खेळणी आधीच उचलावीत. भांडणे अनेकदा त्यांवरूनच होतात. दोघांचेही रेबीजचे लसीकरण झालेले असावे.

अंग ताठरले, शेपटी पायांत गेली किंवा एकजण लपू लागला, की खेळ थांबवून दोघांना वेगळे करावे, पाणी द्यावे. विश्रांतीनंतर दोघेही आपणहून परतले, तरच खेळ पुढे चालू द्यावा.