गतीची समीकरणं आणि उडी मारणारा चौकोन

लातूरच्या शिकवण्यांत घोटून पाठ होणारी गतीची समीकरणं परीक्षेखेरीज कुठे लागतात? मोबाइलवरच्या गेममध्ये. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने काढलं जातं आणि दर वेळी प्रोग्राम तपासतो: बटण दाबलंय का, कोण कुठे आहे, काही आदळलं का? समजा, एका चौकोनाला वरच्या दिशेने सेकंदाला ६०० पिक्सेलचा वेग दिला आणि दर फ्रेमला, म्हणजे दर नव्या चित्राला, त्यातून २० वजा केले. तिसाव्या फ्रेमला वेग शून्य. म्हणजे अर्ध्या सेकंदात सुमारे १५० पिक्सेल उंच जाऊन चौकोन खाली यायला लागतो. झालं गुरुत्वाकर्षण! २० ऐवजी १० वजा करा, तोच गडी दुप्पट उंच उडून सावकाश उतरतो.

असा गेम बनवायला महागडं काही नको. अर्जेंटिनात घडलेलं, २०१४ पासून सर्वांना खुलं असलेलं ‘गोडो’ हे गेम इंजिन फुकट आहे. कमाईत वाटाही मागत नाही. साध्या द्विमितीय खेळाला नांदेडच्या एखाद्या हॉस्टेलवरचा जुना लॅपटॉपही पुरतो. चित्रकलेच्या नावाने बोंब असेल तर ‘केनी’ या संकेतस्थळावरची मोफत चित्रं वापरा.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये जगभर पोचला खरा, पण त्यामागे अख्खी टीम आणि काही वर्षांची मेहनत होती. पहिल्याच फटक्यात तसलं काही करायला जाऊ नये. त्यापेक्षा वाघ-बकरीचा खेळ घ्या: पट, सोंगट्या, चार नियम. तयार गेम ‘इच डॉट आयओ’ या संकेतस्थळावर फुकट टाकता येतो. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. ते दुसऱ्या गेमच्या वेळी भरा.