नाण्यावरचं साल म्हणजे नाण्याचं वय नव्हे

ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा चांदीचा थेलर दिसला, तर त्यावरचं १७८० पाहून लगेच किंमत ठरवू नका. महाराणी त्याच वर्षी वारली. पण अरबस्तान आणि इथिओपियाच्या व्यापारात हेच नाणं चालायचं. म्हणून व्हिएन्ना, लंडन आणि १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही ते त्याच सालासह पाडलं गेलं.

मग ही सगळी बनावट? नाही, ती अधिकृत पुनर्मुद्रणं आहेत. बनावट नाणं अनेकदा वजनात फसतं: अस्सल सुमारे २८.०७ ग्रॅम भरतं. वजन जुळवलेली नक्कलही असते, म्हणून कडेवरची उठावाची लॅटिन अक्षरं तपासा. घासून चकाकी आणल्याने भाव वाढत नाही, उलट मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. नाणं कडेने धरा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा.