लेकीचं कॉलेज : मोठं की लहान?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला, की घराघरांत एकच खल सुरू होतो. मुलीला इंजिनीअरिंगला पाठवायचं ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेत, की आपल्याच जिल्ह्यातल्या लहान कॉलेजात? काका म्हणतात, ‘नाव मोठं हवं.’ आजी म्हणते, ‘मुलीची जात, जवळच बरी.’ जिला चार वर्षं काढायची असतात, तिला मात्र कोणी विचारत नाही!

मी एका तालुक्याच्या गावी इंजिनीअरिंगच्या मुलामुलींना बरीच वर्षं शिकवलं. त्यामुळे ओळखीच्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं. नाव आणि अंतर नंतर बघा. पहिली दोन वर्षं तिला शिकवणार कोण आणि यंत्राला तिचा स्वतःचा हात लागणार का, हे आधी बघा.

मुंबईची आयआयटी (१९५८) किंवा माटुंग्याची आयसीटी (१९३३) या संशोधनासाठी नावाजलेल्या संस्था. तिथे उत्तम उपकरणं, पीएचडी करणारी मंडळी, देशभरातून आलेले हुशार सोबती. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनात काम करायची संधी मिळाली, तर सोनंच! पण अशा ठिकाणी प्राध्यापकांचा बराच वेळ संशोधनात जातो आणि पहिल्या वर्षाचे वर्ग खूप मोठे असू शकतात. हात वर करायला लाजणारी मुलगी तिथे मागच्या बाकावर हरवू शकते. सरकारी एनआयआरएफ क्रमवारीतही इंजिनीअरिंग संस्थांच्या संशोधनाला ३० टक्के वजन असतं. म्हणजे वरचा क्रमांक हा सगळाच्या सगळा वर्गातल्या शिकवण्याचा नव्हे.

लहान कॉलेजात ६० जणांची तुकडी. सरांना नावं पाठ. दोन दिवस आली नाही, तर चौकशी होते. बुजऱ्या मुलीला हा मोठा आधार असतो. पण ‘नाव लहान, म्हणून शिकवणं चांगलं’ असंही नाही हं! स्वायत्त नसलेल्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि पेपर विद्यापीठाचा, म्हणून घोकंपट्टी फार. कुठे यंत्रावर कापड झाकलेलं आणि मुली जर्नल उतरवून काढताहेत, असंही दिसतं. २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा एआयसीटीईचा २०१८ पासूनचा निकष. तो कागदावर आहे की वर्गात, ते विचारायला हवं.

आणि चांगलं ते सगळं महानगरातच, असंही नाही. सांगलीचं वालचंद (१९४७), कराडचं सरकारी कॉलेज (१९६०), नांदेडचं एसजीजीएस (१९८१) ही नावं उगाच झालेली नाहीत. फक्त मुलींसाठी हवं, तर पुण्याचं कमिन्स कॉलेज १९९१ पासून आहे.

आता पैशांचं. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा, खासगी अभिमत विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. तेव्हा चकचकीत पाटीवरच्या ‘विद्यापीठ’ या शब्दाला भुलू नका. तिथे संशोधन असेलच असं नाही, पण फी नक्की असते! होस्टेल आणि मेसचा खर्चही वेगळा धरा.

तेव्हा मैत्रिणींनो, फॉर्म भरण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी लेकीला घेऊन कॉलेजात जा. प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. पहिल्या वर्षाला गणित कोण शिकवतं, एका यंत्रावर किती मुलं असतात, ते विचारा. या शाखेला एनबीएची मान्यता आहे का, तेही विचारा. ती शाखेनुसार मिळते. मग दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना बाजूला घेऊन गप्पा मारा. त्या खरं सांगतात. आणि पसंतीक्रम भरताना माउस लेकीच्याच हातात द्या.